सहरीचा गजर आणि घरकामाचा हिशेब

२०२५ मध्ये रमजानचा चाँद दिसण्याच्या चार दिवस आधी, २५ फेब्रुवारीला, केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मधल्या ‘वेळ वापर पाहणी’ची आकडेवारी जाहीर केली. पाहणी करणाऱ्यांनी देशभरातल्या घरांत जाऊन एकच गोष्ट विचारली होती : काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाला तुम्ही काय करत होता? उत्तरांतून निघालेला हिशेब असा. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी यांसारखी घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. अशी कामे करणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटे.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ८८ मिनिटे ही सगळ्या पुरुषांची सरासरी नव्हे. त्या दिवशी ज्यांनी घरातल्या कामाला हात लावला, त्यांचीच ती सरासरी आहे. असे पुरुष २०१९ च्या पाहणीत शंभरात २६ होते, तर अशा स्त्रिया शंभरात ८१. तेव्हापासून हे चित्र फारसे हललेले नाही. २०१९ मध्ये स्त्रीची २९९ मिनिटे घरकामात जात, आता २८९. दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषाने उचलली असे म्हणता येत नाही, कारण त्याचीही ९७ वरून ८८ वर आली. वाचलेल्या मिनिटांचे श्रेय बहुधा गॅसला, मिक्सरला आणि घरपोच येणाऱ्या किराण्याला द्यावे लागेल.

पाहणीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. रमजानमध्ये आमच्या घरांतला दिवस त्याच्याही आधी सुरू होतो. सहरीची वेळ पहाटेच संपते. त्याआधी सगळ्यांच्या पुढ्यात गरम पोळी यायची असेल, तर कुणाला तरी साडेतीनला उठून कणीक मळावी लागते. गजर सगळ्यांच्या मोबाइलवर असतो, पण तो ऐकून ओट्याकडे जाणारे पाऊल बहुतेक घरांत एकच असते. हिंदू वाचकांनाही हे परके वाटू नये. श्रावणात, नवरात्रात उपास घरातले सगळे धरतात. साबुदाणा रात्री कोण भिजत घालते, हे सांगायची गरज नाही.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का झाला? कारण घराबाहेरचे चित्र झपाट्याने बदलते आहे. सरकारच्याच श्रमबल पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झाले. यातली मोठी वाढ ग्रामीण भागातली आहे, आणि त्यात शेतात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. शहरांत हे प्रमाण २०२३-२४ मध्ये २८ टक्क्यांवरच होते. तरीही दिशा स्पष्ट आहे. बाई कमावू लागली आहे. पण ती बाहेर गेल्यावर रिकामी राहिलेली घरातली जागा कुणी घ्यायची, याचे उत्तर आपण अजून शोधलेले नाही. सध्या ती स्वतःच सकाळी दोन तास आधी उठून आणि रात्री दोन तास उशिरा झोपून ती जागा भरते.

महाविद्यालयात शिकवताना याचा दुसरा टोकाचा धागा दिसतो. आमच्या वर्गांत मुली पुढच्या बाकांवर असतात आणि निकालातही पुढे असतात. बी.एड., नर्सिंग, फार्मसी करून त्या बाहेर पडतात. मग लग्न ठरताना मुलीचे वडील दबक्या आवाजात विचारतात, ‘‘नोकरी करू द्याल ना?’’ मुलाकडचे मोठ्या मनाने सांगतात, ‘‘आमची काही हरकत नाही.’’ इथेच सगळे फसते. हरकत नसण्याने चूल पेटत नाही. मुलाला खरे तर विचारायला हवे की ती सकाळच्या ड्युटीवर गेली तर मुलांचे डबे कोण भरणार? हा प्रश्न मी अजून एकाही बैठकीत ऐकलेला नाही. अशा अनेक मुली तीन-चार वर्षांत नोकरी सोडतात. कुणी जबरदस्तीने सोडायला लावते असे नाही. त्या थकतात, आणि घरचे म्हणतात, तिचीच इच्छा नव्हती.

मदत आणि जिम्मा

माझ्या ओळखीचे एक जोडपे आहे. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका. तो एका छापखान्यात होता. लॉकडाऊननंतर छापखाना बंद पडला. सुरुवातीला ‘दुसरे काम मिळेपर्यंत’ म्हणून त्याने घर हाती घेतले. तिच्या ड्युट्या पाळीच्या, सासूबाईंना मधुमेह, दोन मुले शाळेत. पहिले काही महिने ती फ्रिजवर कामांची यादी चिकटवून जायची आणि तो यादीप्रमाणे करायचा. तरी वॉर्डातून तिचे फोन चालूच असायचे. दूध तापवले का, दळण आणले का, धाकट्याची वही भरली का? काम त्याच्या हातात होते, पण डोके तिचेच चालत होते. तो तेव्हा मदत करत होता.

बदल झाला तो यादी संपल्यावर. डाळ किती उरली, सिलिंडर कधी लावला होता, अम्मीच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपतात, शाळेत पालकसभा कधी आहे, हे त्याच्या डोक्यात राहू लागले आणि तिच्या डोक्यातून उतरले. उर्दूत आपण म्हणतो ‘जिम्मा घेणे’. मदत करणारा माणूस पाहुण्यासारखा असतो. त्याला वाटले तर करतो, केल्याबद्दल आभार घेतो, आणि चुकले तर बोल घरच्या बाईला लागतो. जिम्मा घेणाऱ्याला कुणी आभार मानत नाही, पण तिखट संपले तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. आता रमजानमध्ये तिची रात्रपाळी असली की तो तिला डबा बांधून देतो. ती वॉर्डात सहरी करते, आणि घरी मुलांना उठवणे, रोजा ठेवू न शकणाऱ्या अम्मीसाठी सकाळचा वेगळा नाश्ता करणे हे त्याचे काम असते.

याची किंमत त्याने मोजली. नाक्यावर मित्र विचारत, ‘‘क्या मियाँ, आज क्या पकाया?’’ मराठीत ‘बायकोच्या ताटाखालचे मांजर’ आणि उर्दूत ‘जोरू का गुलाम’. दोन्ही भाषांनी या बाबतीत एकमेकींची चांगली साथ केली आहे. खुद्द अम्मीला मुलाच्या हातातले लाटणे बघवत नव्हते. पाहुणे आले की तो झारा खाली ठेवून बैठकीत येऊन बसे, आणि कुणी विचारले तर ‘दुकानाचे बघतोय’ असे सांगे. दुसऱ्या बाजूला नातेवाईक तिला म्हणत, ‘‘नशीबवान आहेस, असा नवरा मिळाला.’’ चाळीस वर्षे रांधणाऱ्या अम्मीबद्दल ‘तुमचे मियाँ नशीबवान’ असे कुणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याला जड गेले ते भांडी घासणे नव्हे. जड गेले ते महिन्याच्या शेवटी बायकोकडे पैसे मागणे. चपला घ्यायच्या होत्या, तर दोन आठवडे तो विचारूच शकला नाही. आपल्या आईने आयुष्यभर असेच हात पसरले असतील, हे त्याला तेव्हा प्रथम जाणवले. त्यांनी मग बँकेत जोडखाते काढले. घरकाम करणारा पुरुष असो वा स्त्री, हाती पैसा नसला की माणूस घरातच परका होतो. म्हणून नुसती अदलाबदल करून भागणार नाही. जो कुणी घर सांभाळेल, त्याचा कमाईवर हक्क आहे, हे दोघांनी आणि घरच्यांनी मान्य करायला हवे.

‘पुरुषांना जमत नाही’

एक नेहमीचा आक्षेप असा की पुरुषांना हे जमतच नाही. जरा आजूबाजूला पाहू या. इफ्तारच्या वेळी मोहल्ल्यात भजी तळणारे, हलीम घोटणारे, नान भाजणारे सगळे पुरुष आहेत. लग्नात बिर्याणीची देग उतरवणारा बावर्ची पुरुष, पंगतीची बुंदी पाडणारा आचारी पुरुष, देवस्थानाच्या महाप्रसादाच्या कढया पुरुषांच्याच हाती. कपडे शिवणारा, इस्त्री करणारा पुरुष. म्हणजे हातांना सगळे येते. पैसे मिळत असतील तर ते काम पुरुषाचे, आणि मिळत नसतील तर बाईचे, एवढाच आपला नियम आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरुष बाहेर दहा-बारा तास राबतो, त्याला घरी आल्यावर कामाला कसे लावायचे? जिथे तो एकटाच कमावतो, तिथे या म्हणण्यात तथ्य आहे. पण आपण बोलतो आहोत ते दोघेही बाहेर राबतात किंवा तीच राबते अशा घरांबद्दल. तिथे हे कारण चालत नाही.

तसे घडू शकते, हे आपण पाहिलेही आहे. २०२० चा पूर्ण रमजान लॉकडाऊनमध्ये गेला. मशिदी, बाजार, नाके बंद; पुरुष घरात. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी त्या काळातल्या आकडेवारीचा अभ्यास केला. एप्रिल २०२० मध्ये पुरुषांचा घरकामातला वेळ वाढला होता, आणि ऑगस्टपर्यंत तो बऱ्याच अंशी पुन्हा खाली आला, असे त्यांना दिसले. दार बंद असेपर्यंत जमत होते. दार उघडल्यावर जमेनासे झाले.

धर्म काय सांगतो, आपण काय ऐकतो

या पानावर लिहिताना धर्माचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण घरातल्या कामाची वाटणी ‘मजहबने ठरवलेली’ आहे, असे आमच्याकडे पुष्कळांना मनापासून वाटते. सहीह बुखारीत हजरत आयेशा यांच्या हवाल्याने नोंद आहे की पैगंबर घरी असले की घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. कपडा शिवणे, चप्पल सांधणे, शेळीचे दूध काढणे असे तपशीलही हदीसच्या ग्रंथांत येतात. त्यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदिजा या मक्केतल्या नावाजलेल्या व्यापारी होत्या आणि लग्नाआधी पैगंबरांनी त्यांच्या व्यापाराचे काम पाहिले होते, हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पत्नीवर स्वयंपाकाची कायदेशीर सक्ती करता येते का, यावर फकीहांमध्ये पूर्वापार मतभेद आहेत, आणि अनेक नामवंतांनी त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले आहे.

खजुराने रोजा सोडण्याची सुन्नत आपण काटेकोर पाळतो. घरच्यांच्या कामात हात घालण्याची सुन्नत मात्र बयानात क्वचितच ऐकू येते. या महिन्यात मशिदी भरलेल्या असतात. त्या भरलेल्या सफांसमोर हे एकदा सांगितले गेले, तर नाक्यावरचे टोमणे निम्मे तरी कमी होतील.

आमच्याच परंपरेतल्या एका बाईने हा आरसा १२० वर्षांपूर्वी दाखवला होता. रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम लेखिकेची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापून आली. त्या कथेतल्या देशात बायका राज्य चालवतात, विज्ञान शिकतात. पुरुष ‘मर्दान्या’त राहून घर आणि मुले सांभाळतात. पुरुषांना कोंडावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. चित्र उलटे केल्यावर हसू का येते, आणि सुलटे असताना का येत नाही, हे वाचकाने स्वतःला विचारावे, हा त्यांचा हेतू होता.

सोलापूर आणि सरकारी कागद

बायको कमावते आणि घर तिच्यावर चालते, ही आपल्याकडे नवी गोष्टही नाही. सोलापूर हे एकेकाळी गिरण्यांचे शहर. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा हजारो घरे बिडी वळणाऱ्या बायकांनी तगवली. त्यांत तेलुगूभाषक पद्मशाली आहेत, दलित आहेत, मुस्लिमही आहेत. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला कातरलेली पाने. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने. पण हे काम घरी बसून होते. त्यामुळे बिड्या वळता वळताच कुकरची शिट्टी मोजायची आणि पोराला न्हाऊ घालायचे, हेही तिच्याकडेच राहिले. कमाई हातात आली म्हणून घरकाम आपोआप वाटले जाते, हा समज सोलापूरच्या दोन-तीन पिढ्यांनी खोटा ठरवला आहे. वाटणी मुद्दाम करावी लागते.

घर सांभाळणारे पुरुषही आपल्या देशात आहेत. २०११ च्या जनगणनेत १५ कोटी ९८ लाखांहून अधिक स्त्रियांनी घरकाम हेच आपले मुख्य काम असल्याचे सांगितले, आणि तसे सांगणारे पुरुष होते सुमारे ५८ लाख. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका निकालात नोंदवले, आणि घरकामाला आर्थिक मोल आहे हे ठामपणे सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही घटस्फोटाच्या एका प्रकरणात म्हटले की आजच्या काळात घरच्या जबाबदाऱ्या पती-पत्नी दोघांनी सारख्याच उचलायला हव्यात.

न्यायालय पुढे गेले, पण सरकारी नियम अजून मागे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर मिळते १५ दिवस, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. आपल्या राज्याने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. ती स्त्री कर्मचाऱ्यांना आहे; पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्याचा अर्थ असा होतो की आई धडधाकट आहे तोवर मूल बापाचे काम नाही. २०२४ पासून लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा १५०० रुपये येऊ लागले, त्याने अनेक घरांना हात मिळाला. रोजच्या २८९ मिनिटांतले एक मिनिटही मात्र त्याने कमी होत नाही. त्यासाठी पाळणाघरे लागतात, नळाला वेळेवर पाणी लागते, आणि बापाला रजा लागते.

भाषेतही एक जागा रिकामी आहे. ‘गृहिणी’ आपल्याकडे आहे. घर सांभाळणाऱ्या पुरुषाला शब्द नाही. ‘गृहस्थ’ म्हणावे, तर त्याचा मूळ अर्थ घरात राहणारा असला, तरी आपण तो चारचौघांतल्या भल्या माणसासाठी वापरून टाकला. उर्दूत ‘उमूर-ए-खानादारी’ हा विषय मुलींच्या शाळेतच शिकवला जाई. शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे माझ्या त्या परिचिताने पहिल्या वर्षी ‘व्यापार’ लिहिले होते. यंदा त्याने ‘घरकाम’ लिहिले. लिपिकाने दोनदा विचारून खात्री केली.

तरीही काही ठिकाणी सुरुवात झालेली दिसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र आले. ती मुले आता वरच्या वर्गांत असतील. पुस्तकातले चित्र त्यांना घरी दिसले की नाही, यावर पुढची गोष्ट अवलंबून आहे. मुलगा घर सांभाळायला शिकतो तो भाषणाने शिकत नाही. बाप ओट्यापाशी उभा असलेला रोज दिसला, तर शिकतो.

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता, आणि ईद त्याच्या दुसऱ्याच दिवशी. एका घरात पुरण वाटले जात असेल, शेजारच्या घरात शीरखुर्म्यासाठी खोबरे आणि बदाम कापले जात असतील. ताटांची देवाणघेवाण आपल्या गावात पूर्वापार होते, यंदाही होईल. पुरुषमंडळींनी यंदा ताट पोहोचवण्याआधीचे एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे : सामान आणण्यापासून शेवटचे पातेले घासून पालथे घालेपर्यंत, ‘काय करू सांग’ असे एकदाही न विचारता. आणि सण संपल्यावर ते काम परत करू नये.